भारमानाचा आकडा आणि थांब्यावरची माणसे

एस. टी.ची ग्रामीण फेरी बंद करावयाची असली की ‘भारमान कमी’ एवढे दोन शब्द पुरेसे होतात. गाडीतील आसनांपैकी भरली किती, याचे हे शेकडा प्रमाण. ते खोटे नसते. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे कोणी विचारीत नाही.

पिंपरी पेंढारचे उदाहरण घ्यावे. कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यानचे हे गाव. रस्त्यावर वाहतूक अखंड. परंतु लांब पल्ल्याच्या गाड्यांचा उपयोग वस्तीवरून ओतूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला कितपत होणार? तिला हवी असते तासाच्या आधी पोचविणारी आणि अंधारापूर्वी परत आणणारी गाडी. जुन्नर तालुक्यात ऊस वाढला, उसात बिबट्या वसला. तेव्हा संध्याकाळच्या फेरीला अर्धा तास उशीर होणे ही येथे केवळ गैरसोय राहिलेली नाही. वडापच्या जीपला रोज पैसे मोजावे लागतात, आणि जेथे ते परवडत नाहीत तेथे बहुधा मुलीचेच शिक्षण आधी थांबते.

वाहकाजवळच्या यंत्रात आज प्रत्येक तिकिटाची नोंद होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ व गोगटे यांची मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी १९३५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा असली सामग्री स्वप्नवत वाटली असती. एस. टी.ची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. पाहणी आधी आणि गाडी नंतर, हा क्रम आपल्याकडे एकदा तरी घडलेला आहे!

पण यंत्र मोजते ते चढलेल्यांना. गाडी न आल्याने घरी परतलेली म्हातारी, भरलेली गाडी न थांबल्याने मागे राहिलेले विद्यार्थी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर व साधन विचारले, तेही शेतकरी-शेतमजूर वगळून. कांदा काढणीला जाणाऱ्या बायांचा प्रवास हा जणू प्रवासच नव्हे. अशा आकड्यांवर फेरी कमी करावयाची. मग भरवसा उरला नाही म्हणून माणसे जीपकडे वळणार, भारमान आणखी उतरणार आणि उरलेली फेरीही जाणार.

२०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. या सवलती स्वागतार्हच आहेत. मात्र सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. त्यामुळे सरकारचा पैसा जातो तोही जेथे फेऱ्या आधीच पुष्कळ आहेत तिकडे.

नियोजन हा शब्द आपला. तो व्यवस्थापनाच्या सल्लागारांना बहाल करून आपण निषेधाची पत्रके काढीत बसलो, हे बरे झाले नाही. काम तसे अवघड नाही. कोणत्या गावचे विद्यार्थी किती, हे शाळा-महाविद्यालयांच्या दप्तरी असते. आठवडे बाजारच्या दिवशी व काढणीच्या हंगामात थांब्यावर उभी असलेली माणसे गावच्या तरुणांनी मोजावीत. ग्रामसभेने तो तक्ता नारायणगाव आगाराकडे पाठवावा, आणि आगाराने आपली थांबावार तिकिटांची नोंद त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावी. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याखेरीज कोणतीही फेरी बंद होऊ नये. तोटा उरलाच तर तो राज्याच्या अंदाजपत्रकात शिक्षणाच्या खर्चाशेजारी मांडावा. चालक-वाहकांच्या वेतनातून तो भरून काढण्याची सवय मात्र २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपानंतर तरी सुटावयास हवी होती.