तीन नावांचे ऋण

इमानी कुत्र्याच्या गोष्टीत कुत्रा धन्याचा जीव वाचवितो, धनी त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवितो आणि गोष्ट सुखाने संपते. आज सांगावयाची हकीकत इतकी सोपी नाही. परंतु ती खरी आहे.

न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तरेस सेंट अँथनी नावाचे कोळ्यांचे गाव आहे. डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज डॉक्टर तेथे इस्पितळ चालवीत. १८९२ साली ते प्रथम लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर आले आणि तेथील कोळ्यांची दैना पाहून तिकडचेच झाले. हिवाळ्यात रोग्याकडे जावयाचे तर कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीवाचून दुसरे साधन नसे.

१९०८ च्या एप्रिल महिन्यात साठ मैलांवरून निरोप आला. पंधरवड्यापूर्वी ज्या तरुणाच्या मांडीवर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली होती, त्याचा पाय चिघळला होता. डॉक्टर तत्काळ आठ कुत्री जुंपून निघाले. वाट आखूड व्हावी म्हणून त्यांनी गोठलेल्या खाडीवरून गाडी घातली, आणि वाटेत बर्फ फुटले. गाडी बुडाली, कोट, टोपी, हातमोजे गेले. डॉक्टरांनी कुत्र्यांचे दोर कापले व त्यांच्याच आधाराने ते एका हिमखंडावर चढले. पलीकडच्या मोठ्या खंडावर जावयास कुत्री धजेनात, तेव्हा डॉक्टरांनी बर्फाचा तुकडा तिकडे फेकला. जॅक नावाच्या लहानग्या कुत्र्याने खेळ समजून झेप घेतली आणि बाकीची त्याच्यामागून गेली.

वारा खंडाला समुद्राकडे नेत होता. अंगावर ओले, अपुरे कपडे. रात्र जवळ आलेली. डॉक्टरांनी सुरी काढून स्वतःची तीन कुत्री मारली आणि त्यांची कातडी पांघरली. उरलेल्यांपैकी सर्वांत मोठ्या कुत्र्याला कुशीत घेऊन त्यांनी रात्र काढली. पहाटे मेलेल्या कुत्र्यांचे पाय एकास एक बांधून काठी केली व तिच्यावर सदरा फडकविला. किनाऱ्यावरील माणसांनी बर्फातून होडी घालून त्यांना सोडविले. पुढे तो तरुणही होडीने इस्पितळात आणला गेला व बरा झाला.

डॉक्टरांना ही गोष्ट दडविता आली असती. त्यांच्याकडे बोट दाखविणारे कोणी नव्हते. तरी त्यांनी ती स्वतः लिहिली आणि त्या तीन कुत्र्यांच्या स्मरणार्थ धातूची पाटी करविली. मूडी, वॉच आणि स्पाय ही नावे व तो दिवस, २१ एप्रिल १९०८, तीवर कोरलेला आहे. आपल्यासाठी त्यांचे प्राण दिले गेले, असे त्यांनी तेथे नमूद केले.

खरे पाहता त्या मुक्या जीवांनी प्राण दिले नव्हते, ते घेतले गेले होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणूनच ती पाटी मला मोलाची वाटते. नाइलाजाने घेतलेलेदेखील ऋणच असते, आणि त्याची पहिली फेड म्हणजे नाव न विसरणे.

आपणही परमुलखात येऊन स्थिरावलो, ते कोणाच्या तरी जिवावर. कोणा आईचे दागिने गेले, कोणा थोरल्या भावाचे शिक्षण अर्धवट राहिले. त्यांनाही बहुधा कोणी विचारले नव्हते. आज रात्री मुलांना जवळ बसवून त्यांची नावे तेवढी सांगा.