जुने गुण आणि नवी वाट

वैद्यकीय प्रवेशाचे दिवस जवळ आले की छावणीतील, भोवतालच्या वस्त्यांतील आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील आमच्या कुटुंबांत एकच प्रश्न दरवर्षी विचारला जातो. मुलगी 'नीट'ला एकदा बसली आणि गुण कमी पडले. आता पुन्हा बसल्यास ते जुने गुण तिच्या आड येतील काय? मुलाला दहावीला गणितात थोडे गुण होते, ते उद्या कोणी पुढे काढील काय? आणि उलट बाजूने, गेल्या वर्षीचे बरे गुण यंदा चालवून घेतील काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर घराघरांतील निर्णय अवलंबून असतात. कोठे मुलीचे शिक्षण तेथेच थांबवून लग्नाची बोलणी सुरू होतात, कोठे मुलाला दुकानात कामाला लावले जाते. म्हणून या प्रश्नाचा निकाल ऐकीव गोष्टींवर न सोडता, नियम पाहून आणि विचार करून लावणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम नियम पाहू. एम.बी.बी.एस.साठी सबंध देशात एकच प्रवेश परीक्षा आहे. ती प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने आपला तो निर्णय मागे घेतला. २०१७ पासून महाराष्ट्रातील सारे वैद्यकीय प्रवेश या परीक्षेवरच होऊ लागले. तत्पूर्वी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती. या परीक्षेचे गुण देशातील प्रवेशासाठी त्या एका वर्षापुरतेच धरले जातात. गुणवत्ता यादी लावताना विद्यार्थ्याला मागील वर्षी किती गुण होते, तो कितव्यांदा बसला आहे, हे पाहिले जात नाही. दहावी-बारावीचे गुणही त्या यादीत मिळविले जात नाहीत. पूर्वी वयाची कमाल मर्यादा होती. तीही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. जुने कमी गुण आड येत नाहीत आणि जुने चांगले गुण कामास येत नाहीत. पाटी दरवर्षी कोरी होते.

हा नियम केवळ सोयीचा आहे असे नाही. तो न्यायाचाही आहे. परीक्षा दरवर्षी सारखी नसते. एके वर्षी प्रश्नपत्रिका सोपी असते, दुसऱ्या वर्षी कठीण. २०२४ साली ७२० पैकी पूर्ण ७२० गुण मिळविणारे विद्यार्थी निघाले. २०२५ साली देशातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास ६८६ गुण होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस पात्र ठरण्यासाठी लागणारे किमान गुण २०२३ मध्ये १०७, २०२४ मध्ये १२७ आणि २०२५ मध्ये ११३ होते. याचे कारण असे की पात्रतेची रेषा ठरावीक गुणांवर आखलेली नसून त्या वर्षी बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांत कोण कोठे उभा आहे यावर आखलेली असते. एका वर्षीचे ११५ गुण विद्यार्थ्याला रेषेच्या वर नेतात, तर दुसऱ्या वर्षी तेच गुण त्याला रेषेखाली ठेवतात. अशा स्थितीत जुन्या वर्षाचा आकडा नव्या वर्षाच्या आकड्याशेजारी मांडून तुलना करणे म्हणजे दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच भावाने विकण्यासारखे आहे.

येथे आणखी एका जुन्या गुणांविषयी सावध केले पाहिजे. ते गुण आपल्या मुलाचे नसतात, शेजाऱ्याच्या मुलाचे असतात. "अमक्याला इतक्या गुणांवर घाटीत जागा मिळाली, मग आमच्या मुलीला का नाही?" असे पुष्कळ पालक म्हणतात. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्यालाच सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. त्या काळापासून आजवर प्रवेशाची रीत कितीतरी वेळा पालटली आहे. २०२० पर्यंत राज्यातील जागांपैकी शेकडा ७० जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी व ३० उर्वरित राज्यासाठी अशी वाटणी होती. त्या वर्षी ती रद्द झाली आणि मराठवाड्याचा विद्यार्थी संपूर्ण राज्याच्या यादीत उभा राहिला. त्याआधीचे शेवटचे प्रवेशगुण पाहून आज आशा बांधणे किंवा आशा सोडणे, दोन्ही चुकीचे होईल.

मग जुन्या गोष्टींपैकी पाहिले काय जाते? तेही नीट समजून घेतले पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास शेकडा ५० आणि अनुसूचित जातींस शेकडा ४० गुण असावे लागतात. तेवढी पायरी चढल्यावर त्या गुणांचे काम संपते. राज्याच्या कोट्यासाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याचा पुरावा आणि अधिवासाचा दाखला लागतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात-वैधता प्रमाणपत्र लागते. धर्मांतरित बौद्धांच्या घरांत येथेच घोळ होतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी आणि मुलाच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' अशी तिसरी. महाराष्ट्राने १९६० पासून आणि केंद्राने १९९० च्या कायद्याने बौद्धांचा हक्क मान्य केलेला आहे. तथापि तो हक्क ऐनवेळी कागदावर दाखवावा लागतो. राज्याच्या जागांसाठी एक नमुना आणि अखिल भारतीय कोट्यातील जागांसाठी केंद्राचा नमुना, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या गुणांच्या धास्तीने रात्री जागविणाऱ्या कुटुंबाने ही कागदपत्रे मूल अकरावीत असतानाच जुळवून ठेवली, तर हाता-तोंडाशी आलेली जागा जाण्याचा प्रसंग येणार नाही.

एक अपवादही सांगितला पाहिजे. परदेशी जाऊन वैद्यकीचे शिक्षण घ्यावयाचे असल्यास 'नीट'चा पात्र निकाल तीन वर्षे चालतो. याच अपवादाच्या आधारे दलाल घरोघरी फिरतात आणि "तुमच्या मुलाचे जुने गुण अजून जिवंत आहेत" असे सांगून शेत किंवा घर गहाण टाकावयास लावतात. पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे आणि परदेशी पदवी म्हणजे येथे वैद्यकी करण्याचा परवाना नव्हे. परत आल्यावर त्यासाठी निराळी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. हे समजून घेतल्यावाचून कोणीही एक पैसा देऊ नये.

इतर देशांत काय चालते? अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेचे गुण बहुतेक महाविद्यालये दोन ते तीन वर्षे मान्य करतात; पण तेथे विद्यार्थी जितक्यांदा बसला त्या सर्व खेपांचे गुण महाविद्यालयांपुढे ठेवले जातात. इंग्लंडमधील तशा परीक्षेचा निकाल त्या एकाच वर्षाच्या प्रवेशास चालतो. म्हणजे पूर्वीची खेप विसरण्याच्या बाबतीत आमच्या देशातील नियम अमेरिकेपेक्षा अधिक उदार आहे. ज्या समाजातील मुलांना पहिल्या खेपेस प्रश्नपत्रिकेचे वळणही कोणी दाखविलेले नसते, त्या समाजाला या उदारतेचे मोल अधिक आहे.

छावणीच्या लगत नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद राजाने प्रश्न विचारले व भदंत नागसेनांनी उत्तरे दिली. त्या संवादातील दिव्याचा दाखला आमच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच नव्हे, परंतु अगदी निराळीही नव्हे. एकीच्या आधाराने दुसरी उभी असते. दोन वर्षांपूर्वी परीक्षेला बसलेली मुलगी आणि आज बसणारी मुलगी यांचेही असेच आहे. जुना आकडा तिच्यावर कायमचा शिक्का म्हणून मारणे हे अनित्यतेचा धम्म स्वीकारलेल्या घराला शोभत नाही. जन्माचा शिक्का झुगारून देण्यासाठी ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांनी आपल्या लेकरांवर गुणांचा शिक्का मारावा, यासारखी विसंगती कोणती?

जीवकाची कथाही येथे आठवावी. राजगृहात जन्मताच केरात टाकून दिलेले हे मूल अभय राजपुत्राने वाढविले. पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली. नगराभोवती एक योजनपर्यंत हिंडून जी औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणावयाची होती. जीवक रित्या हाताने परत आला, कारण औषध नाही असे एकही झाड त्याला सापडले नाही. आचार्यांनी तेवढ्यावर त्याला उत्तीर्ण केले. तो कोणाच्या पोटी जन्मला किंवा सात वर्षांपूर्वी त्याला काय येत होते, हे आचार्यांनी विचारले नाही. आज काय येते एवढेच पाहिले.

आणि खुद्द बाबासाहेब? १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. ज्यांनी त्या दिवशी त्यांचे भविष्य त्या आकड्यावरून सांगितले असते, त्यांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला आणि १९२३ साली लंडनचा डी.एस्सी. झालेला विद्वान दिसला नसता. मात्र या उदाहरणाचा आळसासाठी आधार घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, २८२ पासून डी.एस्सी. पर्यंतचे अंतर नशिबाने कापलेले नाही. ते ग्रंथालयात कापलेले आहे.

येथवर आशेची बाजू झाली. आता कठोर बाजू पाहिली पाहिजे. नियम सर्वांस समान आहे, परंतु पुन्हा बसण्यासाठी लागणारे वर्ष सर्वांस समान नाही. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, त्या राज्यात वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षेला बसलेल्यांचे प्रमाण २०१६-१७ साली शेकडा सुमारे १२ होते, ते २०२०-२१ साली शेकडा ७१ वर गेले. म्हणजे ज्याला आणखी एक वर्ष घरी बसून, शिकवणीचे शुल्क भरून तयारी करता येते, त्याच्याकडे जागा सरकत आहेत. पाटी कोरी होते हे खरे. पण नवी पेन्सिल ज्याच्या हातात आहे तोच तिच्यावर पुन्हा लिहू शकतो. ज्या घरात वडील रोजंदारीवर आणि आई चार घरची धुणी-भांडी करते, त्या घराला मुलाचे एक वर्ष म्हणजे एका माणसाची मजुरी. आणि मुलीला तर ते वर्ष मागावेच लागते; मुलासाठी ते न मागता मिळते. हा भेद आमच्या घरांतही आहे, तो लपविण्यात अर्थ नाही.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. पहिल्या निकालानंतर आठ दिवसांत रागाच्या किंवा शरमेच्या भरात कोणताही निर्णय घेऊ नका. जुनी गुणपत्रिका जाळू नका. ती न्यायाधीश म्हणून नव्हे, वैद्य म्हणून वाचा. १८० प्रश्नांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात व प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. तेव्हा गुण अज्ञानाने गेले की अंदाजाने उत्तरे दिल्याने गेले, कोणत्या विषयात गेले, हे त्या कागदावरून व उत्तरतालिकेवरून काढता येते. उणीव भरून निघण्याजोगी असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष अवश्य द्यावे. अंतर फार असेल, तर परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार यांसारख्या वाटाही सन्मानाच्या आहेत, हे त्याला प्रेमाने सांगावे. मुलीच्या बाबतीत हाच हिशेब, हीच फूटपट्टी लावावी.

आणि जे एका घराला झेपत नाही ते समाजाने उचलावे. प्रत्येक विहारात सायंकाळी दिवा, टेबल आणि शांतता असलेली एक खोली अभ्यासासाठी राखावी. उत्तीर्ण झालेल्यांची पुस्तके तेथे जमा व्हावीत. घाटीत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्या खोलीला द्यावी. परीक्षा मराठीतूनही देता येते, हे खेड्यातील मुलांना वेळीच सांगावे. बार्टीसारख्या शासकीय संस्थांच्या योजनांची चौकशी एका जाणत्या माणसाने करून ती फलकावर लावावी. वर्गणी काढून मिरवणुकीचा थाट वाढविणाऱ्या मंडळांनी त्यातील एक हिस्सा अशा एका वर्षासाठी बाजूला काढल्यास बाबासाहेबांचे अधिक खरे स्मरण होईल.

कायद्याने जुने गुण पुसून टाकले आहेत. ते घराच्या मनातून पुसणे आणि पुन्हा लिहिण्याची ऐपत प्रत्येक लेकरास मिळवून देणे, एवढे काम आपल्याकडे उरले आहे. ते या वर्षीच हाती घ्या.