‘सगळं मोबाइलमध्ये आहे’ म्हणून भागत नाही

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवून विकणाऱ्याचा बराचसा व्यवहार आता फोनवर चालतो. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, नमुना फोटोत, ‘माल पोचला’ हा निरोप आवाजी संदेशात आणि पैसे यूपीआयने. उधारी बुडाली की तो वकिलाकडे येतो, फोन पुढे करतो आणि म्हणतो, ‘साहेब, सगळं मोबाइलमध्ये आहे.’ आपल्यापैकी अनेक वकील तेवढ्यावर समाधान मानतात. चार स्क्रीनशॉट छापून दाव्याला जोडायचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा जुना मसुदा नाव बदलून लावायचा आणि बाकीचे साक्षीपुराव्याच्या वेळी बघायचे, अशी ही रीत आहे. तिला माझा ठाम विरोध आहे, कारण तिची किंमत वकील मोजत नाही, अशील मोजतो.

या रीतीचे समर्थक आधी म्हणतात, की डिजिटल कागदपत्रांची ही शिस्त मुंबईतल्या बड्या कंपन्यांसाठी आहे, उल्हासनगर-अंबरनाथच्या दाव्यांना तिची गरज नाही. त्यांनी व्यापारी न्यायालय कायदा पुन्हा वाचावा. २०१५च्या या कायद्यातली एक कोटीची मर्यादा २०१८मध्ये तीन लाखांवर आली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या लहान कारखान्याची थकबाकीही सहज त्यात बसते. अशा दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेचा सुधारित आदेश ११ लागू होतो. आपल्या ताब्यातली सगळी संबंधित कागदपत्रे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसकट, दाव्यासोबतच उघड करावी लागतात. नोंद कुणी, केव्हा, कोणत्या यंत्रावर तयार केली हे शपथेवर सांगावे लागते. दडवलेले किंवा राहून गेलेले नंतर आणायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे ‘साक्षीच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्याचे दार दावा दाखल करतानाच अर्धे मिटलेले असते.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे. प्रमाणपत्र हा नुसता सोपस्कार, सत्य समोर दिसत असताना कागदासाठी अडून बसणे हा तांत्रिकपणा, असे म्हटले जाते. याचा निकाल आपल्याच राज्यातल्या खटल्यात लागला आहे. जालना विधानसभेच्या २०१४च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण हा त्यातला पुरावा होता. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूने प्रमाणपत्र मागूनही ते मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण ज्याने ते मिळवण्याची शिकस्त केली आणि दुसऱ्याने दिले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. मला या निकालाचा हा दुसरा भाग मोलाचा वाटतो. पण त्याचा फायदा कुणाला? ज्याने लेखी मागणी केली, न्यायालयाकडे अर्ज केला, त्याची नोंद ठेवली, त्याला. हातावर हात ठेवून बसलेल्याला नाही.

‘मग फोनच हजर करू’ हा मार्ग कायद्याला चालतो, व्यापाऱ्याला परवडत नाही. वर्षानुवर्षे फोन न्यायालयात अडकून पडला तर त्याने धंदा कशावर करायचा?

आता स्क्रीनशॉट जवळून पाहू. वर नाव दिसते ‘पिंटू कापडवाला’. ते नाव अशिलाने स्वतः साठवलेले आहे, प्रतिवादीचा नंबर चित्रात कुठेच नाही. उलटतपासात पहिला प्रश्न हाच येणार. शिवाय व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पुढे पाठवलेल्या चित्राचा आकार घटतो आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही आतली माहिती गळून पडते. अशील ते चित्र वकिलाला पाठवतो, वकील कारकुनाला, कारकून झेरॉक्सवाल्याला, आणि न्यायालयात पोचते ते मूळ चित्राच्या चौथ्या पिढीतले.

फौजदारी खटल्यांत तर नुकसान भरूनच येत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला. त्याचे चित्रीकरण आपण सर्वांनी फोनवर पाहिले. पण फोनवर फिरलेली ती प्रत पुरावा नव्हे. पुरावा ठाण्याच्या यंत्रातला. पोलीस ठाण्यांतले असे चित्रीकरण १८ महिने, आणि तशी यंत्रे मिळत नसतील तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये देऊन ठेवला आहे. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूर पेटले. त्या शाळेतले पंधरा दिवसांचे सीसीटीव्ही चित्रीकरण गायब असल्याचे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले. लहान मुलींच्या बाबतीत असे घडावे याचा संताप आजही ओसरत नाही. तिथे प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही, कारण प्रमाणित करायलाच काही उरत नाही.

कागदच खरा, असे म्हणणारे ज्येष्ठही आहेत. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचे काय झाले असेल, हे त्यांना वेगळे सांगायला नको. डिजिटल नोंद बदलता येते, हे खरेच. म्हणूनच १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा संगणकीय ठसा, मागितले आहे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य पार बदलते. झेरॉक्सला अशी सोय कधीच नव्हती.

तेव्हा काम पहिल्या भेटीत सुरू व्हायला हवे. संवादाच्या पडद्यावर नंबर दिसेल असे चित्र घ्या, पूर्ण संवाद निर्यात करा, मूळ फाइली दोन ठिकाणी उतरवा आणि त्याच दिवशी हॅश काढून ठेवा. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर काही आठवड्यांत जुन्यावर नवे लिहितो, म्हणून तो त्याच दिवशी पाहा. त्याचे घड्याळ किती मिनिटे पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. समोरच्याला नोटीस देताना पैशांसोबत नोंदी जपण्याचीही मागणी करा.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. कलम ६३च्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे, आणि दोन लाखांच्या वसुलीसाठी आलेल्या माणसाने तो तज्ज्ञ कुठून आणायचा? यावर प्रमाणपत्र मोडीत काढणे हे उत्तर नव्हे. न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात हॅश काढून देणारा, तज्ज्ञाचा भाग भरून सही करणारा आणि ठरावीक शुल्क घेणारा माणूस बसला पाहिजे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वकिलांनी हा ठराव आपापल्या बार रूममध्ये करून जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवावा. तसा माणूस येईपर्यंत अशिलाच्या फोनमधला पुरावा सांभाळणे ही वकालतनामा घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे.