जुना संच आणि नवी पेटी

पाठीमागें फुगीर असलेला काचेच्या नळीचा टीव्ही बंद पडला, म्हणून तो भंगारांत दिला, असें पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. थोडी अधिक विचारपूस केली म्हणजे कळतें कीं, संच बिघडला नव्हता. बदललें होतें तें प्रक्षेपण. डोळे शाबूत असलेल्या मनुष्यास केवळ नवी लिपि वाचतां येत नाहीं, एवढ्यावरून त्याला कोणी आंधळा ठरवीत नाहीं. संचाच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तसेंच वागतों, आणि तें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. घरावर अँटेना उभा करावा, वाऱ्यानें तो फिरला कीं एकानें वर चढावें आणि दुसऱ्यानें खिडकींतून “आलें, आलें!” म्हणून ओरडावें, हा क्रम आमच्या वडील वाचकांच्या स्मरणांत असेलच. पुढें केबल आली, पण संचाची भाषा तीच राहिली. नंतर कायद्यानेंच ती भाषा बदलली. केबलचें जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण थांबविण्यासाठीं मुंबईस ३१ ऑक्टोबर २०१२ ही, आणि पुणें, नाशिक, नागपूर वगैरे शहरांस ३१ मार्च २०१३ ही मुदत घालून देण्यांत आली. दूरदर्शनचीं जमिनीवरील जुनीं प्रक्षेपणकेंद्रेंही २०२२ पर्यंत बहुतेक बंद झालीं. अमेरिकेंत हाच पालट १२ जून २००९ रोजीं पुरा झाला, त्या वेळीं तेथील सरकारनें पेटीच्या खरेदीसाठीं प्रत्येक कुटुंबास चाळीस चाळीस डॉलरांचीं दोनपर्यंत कूपनें देऊं केलीं होतीं. आपल्याकडे केबलच्या ग्राहकांस पेटी विकत वा भाड्यानें स्वतःच घ्यावी लागली.

ही पेटी, जिला सेट टॉप बॉक्स म्हणतात, करते तरी काय? जुना संच सेकंदास २५ चित्रें ६२५ रेषांच्या हिशेबानें रंगवितो, आणि तीं त्यास अखंड चढउतार होणाऱ्या विद्युत्-लहरीच्या रूपानें मिळावीं लागतात. नवें प्रक्षेपण येतें तें नुसत्या अंकांच्या रूपानें, तेंही दाबून लहान केलेलें. पेटी ते अंक वाचून त्यांची पुन्हा लहर बनविते. म्हणजे दुभाष्याचें काम करते. म्हणूनच बिघाडाचें स्वरूपही पालटलें आहे. पूर्वीं लहर क्षीण झाली तर पडद्यावर बर्फासारखे ठिपके पडत, तरी बातम्या देणारा मनुष्य ओळखूं येई. आतां चित्र एक तर स्वच्छ दिसतें, नाहीं तर त्याचे चौकोन होऊन तें गोठतें.

जोडणी आठवीच्या मुलास सहज जमण्यासारखी आहे. प्रथम दोन्हीं यंत्रांची वीज बंद करावी. पेटीच्या मागील पिवळें भोक चित्राचें, पांढरें व तांबडें आवाजाचीं; ज्या रंगाची पिन त्याच रंगाच्या भोकांत बसवावी. संचास आवाजाचें एकच भोक असल्यास पांढरी पिन लावून तांबडी मोकळी सोडावी. फार जुन्या संचास केवळ अँटेनाचेंच भोक असतें, तेथें आर. एफ. मॉड्युलेटर नांवाची लहान डबी मध्यें घालावी लागते. मग वीज लावून संचाच्या रिमोटवरील ‘एव्ही’ ही कळ दाबावी. चित्र सरकत असेल किंवा रंग उडाले असतील तर पेटीच्या सेटिंगांत ‘पाल’ ही पद्धति निवडावी. माणसें लांबोडकीं दिसत असतील तर पडद्याचें प्रमाण ४:३ करावें. जेथें केबल नाहीं तेथें दूरदर्शनची फ्री डिश मासिक वर्गणीवांचून मिळते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळें आपल्याकडे छत्रीचें तोंड आग्नेयेस ठेवितात. कां, तें भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घेऊन पाहावें.

येथवर आलें म्हणजे काम संपलें, असें आमचे विद्यार्थी समजतात. आमचें मत निराळें आहे. सकाळीं नातवानें पेटी जोडिली, दहा मिनिटांत सगळे चॅनेल फिरवून दाखविले, आणि तो शाळेस गेला. दुपारीं आजीनें संच लाविला, तों पडदा निळा! हातीं दोन रिमोट. कोणता कशाचा, तें ठाऊक नाहीं. एक कळ चुकली कीं ‘एव्ही’ची वाट हरवली. संध्याकाळीं नातू घरीं येतो, आणि “तुला किती वेळां सांगायचें?” हें तिला वर ऐकून घ्यावें लागतें. जी वस्तु तिनें वर्षानुवर्षें स्वतःच्या हातानें लाविली व बंद केली, तिच्यासाठीं आतां दुसऱ्याची मनधरणी! हें दुःख आम्ही लहान समजत नाहीं. आजीस स्वतः संच लावतां येईपर्यंत पेटी जोडली गेलीच नाहीं, असें आम्ही म्हणतों. पेटीच्या रिमोटास तांबडा दोरा बांधावा. संचाचा आवाज एकदां ठरवून ठेवावा, म्हणजे पुढें पेटीच्याच रिमोटानें भागतें. कोणती कळ आधीं, कोणती मागून, आणि सह्याद्री वाहिनीचा क्रमांक काय, तें पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून संचाजवळ टांगावें. मग मुलानें हात मागें बांधून उभें राहावें व आजीकडून तीन वेळां सर्व करवून घ्यावें. (वर्गांत एकच गणित पांचव्यांदा विचारणारे हेच विद्यार्थी घरीं दुसऱ्यांदा सांगतांना रागावतात, हें आम्हांस ठाऊक आहे.)

नवा सपाट संच चित्र अधिक रेखीव दाखवितो व वीजही कमी खातो, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्यांस शक्य असेल त्यांनीं तो अवश्य घ्यावा. परंतु जून महिन्यांत फी व पुस्तकें यांची जुळवाजुळव करणाऱ्या वडिलांस, शेजाऱ्यांनीं घेतला म्हणून, हप्त्यांवर नवा संच आणावयास लावणें विद्यार्थ्यांस शोभत नाहीं. जुना संच खरोखरच निकामी झाला तरी तो फोडूं नये. त्या नळीच्या काचेंत शिसें असतें. तो इ-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रांतच द्यावा. त्याची पाठ मुलांनीं केव्हांही उघडूं नये, कारण वीज काढल्यावरही आंत प्राणघातक विद्युद्दाब कांहीं काळ टिकूं शकतो.

आणखी एक गोष्ट छत्रीवाल्या घरांनीं आजीस आधींच सांगून ठेवावी. मुसळधार पावसांत उपग्रहाची लहर क्षीण होते व चित्र जातें. अशा वेळीं कळा दाबीत बसूं नये, आणि कोणास ओल्या कौलांवर चढवूं नये. सर ओसरली कीं चित्र आपोआप परत येतें.