दर्ग्याच्या दारातील दवाखाना

मनोरुग्णाला प्रथम कोठे नेले जाते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. ते मान्य करण्याची तयारी मात्र थोड्यांचीच असते. आधी गावातील देवऋषी, मग पंचक्रोशीतील एखादे जागृत देवस्थान, मग दूरचा दर्गा, आणि हे सर्व करून थकल्यावर, म्हणजे बहुधा रोग जुना झाल्यावर, जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर, असा हा क्रम आहे. या क्रमाविषयी खंत व्यक्त करणारे लेखन विपुल झाले आहे. तो क्रम काही काळ तरी असाच राहणार असे गृहीत धरून त्यातच वैद्यकीय उपचारांची सोय करता येईल काय, हा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्यात २००८ च्या सुमारास सुरू झालेला ‘दवा-दुवा’ हा प्रयोग म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे.

प्रयोगाची रचना साधी होती. ‘अल्ट्रुइस्ट’ या स्वयंसेवी संस्थेने राज्य सरकारच्या साहाय्याने दर्ग्याच्या परिसरातच मनोरुग्णांच्या तपासणीची व्यवस्था केली. रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाने तपासावे, औषध तेथेच मिळावे आणि नातेवाइकांचे समुपदेशन व्हावे, अशी ही योजना. मुजावरांना तीव्र मनोविकारांची लक्षणे ओळखावयास शिकविण्यात आले आणि रुग्णाला डॉक्टरांकडे पाठविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविण्यात आले. धागा, ताईत, प्रार्थना यांना मज्जाव करण्यात आला नाही. मुजावरांनी आरंभी विरोध केला आणि तो स्वाभाविकच म्हटला पाहिजे. पिढ्यान् पिढ्या ज्या कामावर घर चालले आणि मान मिळाला, त्यात डॉक्टर वाटेकरी होऊ पाहतो आहे असे दिसल्यावर कोणताही व्यावसायिक दुसरे काय करील? (वकील व प्राध्यापक याहून वेगळे वागतात असा अनुभव नाही.) डॉक्टरांकडे पाठविलेला रुग्ण औषध घेऊन पुन्हा आपल्याकडेच दुवा मागावयास येतो, हे ध्यानात आल्यावर तो विरोध निवळत गेला.

दर्ग्याकडे जाणाऱ्या लोंढ्याचे स्पष्टीकरण आपला सुशिक्षित वर्ग एकाच शब्दात देतो, आणि तो शब्द म्हणजे अज्ञान. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे एवढ्याने समाधान होणे कठीण आहे. बंगळूरच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्या राज्यांत गुजरात होते, महाराष्ट्र नव्हते. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे त्यात दिसून आले, आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबाला दरमहा सुमारे एक ते दीड हजार रुपये खर्च येतो, असेही याच सर्वेक्षणाने नोंदविले. शेतमजुराच्या घराने हे पैसे कोठून आणावयाचे? शिवाय रुग्णाला एकटे पाठविता येत नाही. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, आणि हा खर्च एका महिन्याचा नसून वर्षानुवर्षांचा असतो. दर्ग्यात याउलट कुटुंबाला आसरा मिळतो, चूल मांडता येते आणि आपल्यासारखीच गांजलेली दहा कुटुंबे शेजारी असतात. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावयास हवी. निदानालाही किंमत असते. ‘बाहेरची बाधा’ हे निदान ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घराला परवडते. ‘स्किझोफ्रेनिया’ हे निदान परवडत नाही. बाधा उतरते, असे शेजारीपाजारी मानतात. वेडाचा शिक्का मात्र धाकट्या भावंडांपर्यंत पोहोचतो.

देवस्थानात जे घडते ते सर्व निष्फळ असते, असेही दिसत नाही. तमिळनाडूतील मुथुस्वामींच्या मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली प्रसिद्ध झाली. सरासरी सहा आठवडे हे लोक तेथे राहिले, त्यांना औषध दिले गेले नव्हते, आणि लक्षणांच्या मोजपट्टीवर त्यांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी घटली. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास केला. तो १९८७ साली ‘मॅन’ या नियतकालिकात आला. मनोरुग्णासोबत येणाऱ्या आई, पत्नी, बहीण या स्त्रियाच पुष्कळदा अंगात येऊन रुग्णाचे दुखणे स्वतःवर ओढून घेतात, असे त्यांनी नोंदविले. हे वाचून अस्वस्थ व्हावयास होते. तथापि या नोंदीतून कुटुंब रुग्णाला सोडून देत नाही, हेही दिसते. मंदिरातील त्या सहा आठवड्यांत नेमके कशाने बरे वाटले, हे ३१ जणांच्या पाहणीवरून सांगता यावयाचे नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. निवारा, नियमित दिनक्रम आणि न हिणवणारी माणसे यांचा वाटा त्यात मोठा असावा, असा माझा कयास आहे.

परंतु देवस्थानाच्या आश्रयाने काय होऊ शकते याचे दुसरे उदाहरण विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मरण पावले. हे गृह दर्ग्याचे नव्हते. दर्ग्याच्या लौकिकावर वाढलेला तो एक धंदा होता. बरे वाटावयास महिनोन् महिने लागतात, नातेवाइकांना तितके दिवस थांबता येत नाही, मग दरमहा पैसे पाठवून रुग्णाला ठेवून घेणारी गृहे उभी राहतात. ज्याच्यासाठी पैसे दिले जातात तो तक्रार करू शकत नाही, आणि जो पैसे देतो तो दूर असतो. अशा बाजारात देखरेख नसेल तर साखळदंड हाच सर्वांत स्वस्त नोकर ठरतो. सरकारने नंतर ही गृहे बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास निरपवाद मनाई केली.

विवेकवादी कार्यकर्त्यांचा आक्षेप येथे गांभीर्याने घ्यावयास हवा. दर्ग्यात डॉक्टर बसविला की दर्ग्याला सरकारी प्रतिष्ठा मिळते, आणि गोळीने आलेला गुण धाग्याच्या खात्यावर जमा होतो, असे ते म्हणतात. हे खोटे नाही. मात्र ज्याने गोळी घेतली आणि श्रेय धाग्याला दिले, तो गोळी न घेणाऱ्यापेक्षा निश्चितच सुस्थितीत असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. प्रार्थना आणि यात्रा यांना त्याचा अडसर नाही. म्हणजे सीमारेषा कायद्यानेच आखून दिली आहे. ‘दवा-दुवा’सारखा प्रयोग या रेषेच्या अलीकडे राहून करता येतो, किंबहुना आवारात डॉक्टर व समुपदेशक रोज वावरत असतील तर रेषा ओलांडणाऱ्यावर नजर ठेवणेही सोपे जाईल.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोघेही जातात आणि मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे त्यांत पुष्कळ असतात. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांपैकी नागपूर सैलानीहून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणी समुपदेशन केंद्र चालवावयाचे तर संस्थेला काही बंधने पाळावी लागतील. मुजावराला वा पुजाऱ्याला रुग्णामागे दलाली मिळता कामा नये, नाहीतर निरोगी माणसेही रुग्ण ठरू लागतील. समुपदेशकाने रुग्णाच्या श्रद्धेचा आधार जरूर घ्यावा, पण स्वतःची श्रद्धा त्याच्या गळ्यात घालू नये. हा नियम दर्ग्याला, मठाला आणि चर्चच्या समुपदेशन केंद्राला सारखाच लागू असावा.

खरी अडचण पैशाची आहे. स्वयंसेवी संस्थेचे अनुदान वर्षा-दोन वर्षांचे असते आणि रोग दहा-वीस वर्षांचा. संस्था पुढे आली म्हणून सरकारने हात झटकावयाचे, हा प्रकार शिक्षणक्षेत्रात आपण पाहत आलो आहोत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला आणि जिल्हा कार्यक्रमाला १९९६ मध्ये आरंभ झाला; १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून आहे. दूरध्वनीवर सल्ला मिळतो, गोळी मिळत नाही. दर्ग्यात निदान होऊन घरी परतलेल्या रुग्णाला पुढल्या महिन्याचे औषध त्याच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाले पाहिजे, आणि तो ते घ्यावयास आला नाही तर त्याच्या घरी कोणी जावयाचे, हे ठरलेले असले पाहिजे. त्या माणसाचा पगार आणि त्या औषधांची खरेदी कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावयाची, याचा निर्णय संस्थेशी करार करण्यापूर्वी व्हावा.