दुखणं थांबलं म्हणजे खांदा जुळला असं नाही

ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यात एक कबड्डीपटू माझ्याकडे आला. झोळी काढलेली, चेहरा खुशीत. "मॅडम, आता काहीच दुखत नाही," म्हणाला आणि पुराव्यादाखल मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. गच्चीवर जोर मारतोय. मी मोजले, अकरा. त्याला खुर्चीत बसवून जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण वारंवार निखळणाऱ्या खांद्याचं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते कधी ना कधी सांगावं लागतं.

खांद्याची खोबण फार उथळ असते. छोट्या बशीत मोठं लिंबू ठेवावं, तसा प्रकार. बशीला कूर्चेची एक कड असते, तिच्यामुळे लिंबू जागेवर राहायला मदत होते. पकडीत हात वर आणि मागे ओढला गेला की लिंबू पुढे निसटतं आणि जाताना ती कड हाडापासून सोडवून नेतं. बँकार्ट नावाच्या इंग्रज सर्जनने 1923 मध्ये हे नीट मांडलं, म्हणून आजही कागदावर 'बँकार्ट रिपेअर' असं लिहून येतं. सर्जन हाडात बारीक अँकर बसवतात आणि कड दोऱ्याने पुन्हा हाडाला बांधतात. पण दोरा फक्त धरून ठेवतो. कड हाडाला चिकटायचं काम शरीराचं, आणि त्याला साधारण 12 आठवडे लागतात. दुखणं मात्र बऱ्याच जणांचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ओसरतं. गडबड होते ती या मधल्या काळात. हात बरा वाटतो, म्हणून माणूस पाण्याची बादली उचलतो, लोकलच्या दांड्याला लटकतो, बाईकवर मागे बसलेल्याला वळून पिशवी देतो.

झोळी साधारण तीन ते सहा आठवडे असते. नक्की किती, ते तुमचे सर्जन सांगतील, आणि माझ्यापेक्षा त्यांचं ऐका. या दिवसांत हात अगदी गप्प ठेवायचा नसतो. मूठ उघडा-मिटा, मनगट फिरवा, परवानगी असेल तर कोपर वाकवा आणि सरळ करा. रात्री उताणं, पाठ थोडी उंच करून झोपा आणि कोपराखाली उशी घ्या, म्हणजे कोपर मागे पडणार नाही. ही उशी विसरणारेच सकाळी तक्रार घेऊन येतात. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. काख धुवायची तर हात वर करू नका. कमरेत पुढे वाका, हात सैल लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताने धुवा.

झोळी सुटली की आधी आधाराने हालचाल. उताणं झोपून दोन्ही हातांत झाडूची काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर न्यायचं. पुढे वर जाणं लवकर जमतं. कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं मात्र हळूहळूच यायला हवं, कारण ताण थेट बांधलेल्या कडेवर येतो. चेंडू फेकायला हात मागे नेतो ती स्थिती सगळ्यात शेवटी. बायकांनो, मागे हूक असलेले ब्लाउज काही महिने कपाटातच राहू द्या.

ताकदीचं काम 12 आठवड्यांच्या आसपास जोर धरतं. रबरी पट्टा ओढायचा, पण आधी पाठीवरचं खांद्याचं पातं ताब्यात आणायचं. ते डगमगत असेल तर दंड कितीही फुगवा, उपयोग नाही. जिमवाल्या पोरांना हे पटायला वेळ लागतो.

घाई करणाऱ्यांइतकेच भिणारेही असतात. एका कारकून गृहस्थांनी कुणी न सांगता झोळी नऊ आठवडे गळ्यात ठेवली. खांदा इतका आखडला की माळ्यावरचा डबा काढायला पुढे चार महिने लागले. आणि आखडला म्हणून कुणाकडून चोळून, ओढून मोकळा करून घेऊ नका. एका झटक्यात अँकरची मेहनत पाण्यात जाईल.

"तो अमका तीन महिन्यांत खेळायला लागला" हे माझ्याकडे रोज ऐकू येतं. श्रेयस अय्यरचंच बघा. 23 मार्च 2021 ला पुण्यातल्या वनडेत सूर मारताना त्याचा डावा खांदा दुखावला, 8 एप्रिलला ऑपरेशन झालं आणि सामन्यात तो सप्टेंबरमध्ये उतरला. पाच महिने उलटून गेले होते, आणि बरं होणं हेच त्याचं पूर्णवेळ काम होतं. कबड्डी, कुस्ती, दहीहंडीचे थर यांना साधारण सहा महिने धरून चाला. तरी नुसतं कॅलेंडर बघून मी कुणाला सोडत नाही. दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी हवी आणि पडताना हात आपोआप सावरला पाहिजे. त्या जोरवाल्या मुलाला पाचव्या महिन्यात मी गादीवर पडायला शिकवत होते. पहिल्या दिवशी तो चक्क नाही म्हणाला.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला, किंवा खट् आवाज होऊन खांदा पुन्हा सैल वाटला, तर फिजिओची वेळ घेऊ नका. थेट सर्जनकडे जा.

आणि पहिल्या भेटीला ऑपरेशनचा कागद नक्की आणा. काहींच्या खोबणीचं हाड झिजलेलं असतं. तिथे शेजारच्या हाडाचा तुकडा स्क्रूने बसवतात, त्याला लाटार्जे म्हणतात, आणि त्याचे नियम वेगळे असतात. 'दुर्बिणीतून काहीतरी केलंय' एवढ्यावर मला हात लावता येत नाही. येताना अंगात पुढून बटणांचा सैल शर्ट असू द्या.