सुटीचा एक दिवस

निडीहून आगगाडीने निघून, नेरळमार्गे माथेरानास सहकुटुंब जाणे फारसे कठीण नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे गिरिस्थान प्रसिद्धीस आणले. १९०७ साली छोटी आगगाडी वर पोहोचली. पाहुण्यांच्या मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. त्यापुढे पुष्कळसे ओझे घोड्यांच्या पाठीवरून व माणसांच्या डोक्यावरून जाते.

आमच्या मते, पालकांनी मुलांस सूर्यास्त दाखविण्याआधी हे कष्ट दाखवावेत. हमालाशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी, रानात बाटली भिरकावणारी वडील मंडळी पाहून मुले जे शिकतात, ते आमच्या वर्षभराच्या धड्यांनीही पुसत नाही. म्हणून ठरलेली मजुरी आदराने द्यावी आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा.